आधी ताट, मग सुई

साखरबाईंनी पाच काळे गोळे आणि एक तांबडा जोडून कडं केलं आणि सहावा काळा गोळा त्या कड्याबाहेर उभा केला. काळे म्हणजे कार्बन, तांबडे ऑक्सिजन, पांढरे हायड्रोजन. उद्या कॉलेजात ग्लुकोज शिकवायचं होतं. वर्षानुवर्षं तेच शिकवत आल्यामुळे पोरांनी त्यांचं नावच साखरबाई पाडलं होतं. हात आपसूक चालत होते. नवरा गेल्यापासून सगळंच आपसूक चाललं होतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, आणि कोणी 'कशा आहात' विचारलं की 'बरी आहे' हे तोंडातून आपोआप बाहेर पडायचं.

मघाशीच त्यांनी सासूबाईंना इन्सुलिनची सुई टोचली होती. हे काम पूर्वी नवऱ्याचं. त्याचा नियमच होता, आधी ताट, मग सुई. आईपुढे ताट आल्याशिवाय तो सुईला हात लावायचा नाही, आणि तिचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत समोरून हलायचा नाही. "एकीला साखर शिकवता येते, एकीला पचवता येत नाही, आणि मधल्या मधे मरण माझं," असं वर ऐकवायचा.

आता तो नियम मोडला होता. समोरासमोर बसून जेवायची दोघींचीही छाती होत नव्हती. टेबलाजवळची तिसरी खुर्ची आड यायची. म्हणून सुई टोचून झाली की साखरबाई ताट हातात देत, आणि सासूबाई ते घेऊन आपल्या खोलीत खिडकीपाशी जात. ताट चाटूनपुसून परत येई. दुःख डोंगराएवढं असलं तरी पोटाला लागतंय बिचारीच्या, असं साखरबाईंना वाटे. खिडकीखाली बसणारं गल्लीतलं कुत्रं हल्ली चांगलंच बाळसं धरू लागलं होतं. कॉलेजातून येताना त्या त्याच्याकडे बघत आणि पुढे जात.

दार वाजलं म्हणून त्यांनी मान वर केली. सासूबाई दारात उभ्या होत्या. आणि चक्क हसत होत्या.

"अगं, तो आलाय. चहा टाक." सासूबाईंनी तिसरी खुर्ची ओढली. "बस रे. चपला घालूनच आलास ना आत? किती वेळा सांगायचं तुला?"

साखरबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत कोणी नव्हतं. झालं, दुःखानं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. वाटला तो थोडासा हेवा. हिला निदान दिसतोय तरी.

"बघ रे, तुझी बायको या वयात गोट्या खेळतेय," सासूबाई खुर्चीला म्हणाल्या आणि खुदुखुदु हसल्या. त्या एक तांबडा गोळा उचलायला गेल्या, तो बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. हात थरथरत होता. हवेत गारठा होता, तरी त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते.

साखरबाई ताडकन उठल्या. बाकीचं शरीर अडीअडचणीला चरबी जाळून भागवतं. मेंदूला मात्र घडोघडी ग्लुकोज लागतं, आणि त्याचा साठा काही त्याला करता येत नाही. ते कमी पडलं की आधी घाम, मग थरथर, मग भ्रम, मग बेशुद्धी, आणि मग काहीच नाही. हे सगळं त्यांनी फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले होते. घरात मात्र दिव्याखाली अंधार. समोर साखर उतरत होती आणि त्या तिला दुःख समजून बसल्या होत्या.

नवऱ्यानं आणून ठेवलेला ग्लुकोज पावडरचा डबा अजून फ्रिजवर होता. साखरबाईंनी पेल्यात चार चमचे ढवळले, पेला सासूबाईंच्या ओठांशी नेला, आणि त्यांचा हात थबकला. सासूबाई खुर्चीशी बोलत होत्या. किती सुखात होत्या. हे पाणी पोटात गेलं की ती खुर्ची रिकामी होणार. म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढायचं, आणि तेही आपल्या हातानं.

"नको गं," सासूबाईंनी पेला बाजूला सारला. "थांब जरा. तो बोलतोय."

"प्या आई. गपगुमान प्या."

निम्मं सांडलं. साखरबाईंनी पुन्हा ढवळलं, पुन्हा पाजलं, आणि सासूबाईंचा हात धरून बसून राहिल्या. हळूहळू थरथर थांबली. घाम वाळला. सासूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"गेला," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही जेवला होतात ना? ताट तर रिकामं आलं होतं."

"कुत्र्याला घातलं." सासूबाईंचा आवाज अगदी साधा होता. "सुई घेतली आणि जेवले नाही, की येतो तो. रोज नाही येत. पण मी रोज घालते कुत्र्याला. न जाणो."

साखरबाईंना ओरडायचं होतं. अहो, जीव गेला असता तुमचा, असं सांगायचं होतं. उपाशी मेंदू वाट्टेल ते दाखवतो, हेही समजावून सांगायचं होतं. त्यांनी गोळे बाजूला सारले, दोन ताटं वाढली आणि समोरासमोर मांडली.

"उद्यापासून आधी ताट, मग सुई. आणि माझ्यासमोर."

सासूबाईंनी मान डोलावली. दोघी जेवू लागल्या. साखरबाईंचा पहिला घास तोंडातच फिरत राहिला. तो कसाबसा गिळून त्यांनी ताटावरची नजर न उचलता विचारलं,

"आई, माझी आठवण काढली का हो त्यानं?"