नोंदीशेजारची चौकट

चष्मे विकणाऱ्या बाईच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या नोंदीशेजारीच एक चौकट होती. तिच्यात नवऱ्याने दारावरच्या कॅमेऱ्याचं वेबपेज बसवून दिलं होतं. "कोण आलंय ते तुला बसल्या जागी दिसेल," असं तो कौतुकाने म्हणाला होता. खोट एकच होती. पुढच्या नोंदीवर जाऊन परत आल्याशिवाय चित्र बदलत नसे.

एका दुपारी नवरा छातीवर हात दाबून दार वाजवत राहिला. तोंडातून आवाज फुटत नव्हता. तिने चौकटीत पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. "मेली पोरं, काम करू देत नाहीत," म्हणत ती उठलीच नाही. चित्र जुनं होतं.

तो गेल्यावर तिने कॅमेरा उपटून फेकून दिला.

आज तिने नोंद उघडली, तर चौकटीत दार दिसत होतं. बाहेर तो उभा होता, हात छातीवर.

"अहो, आले, आले!"

तिने धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. दार लावून ती खुर्चीत येऊन बसली. या वेळी चुकायचं नाही. ती पुढच्या नोंदीवर गेली, परत आली. चित्र बदललं.

तो अजून बाहेरच होता. शेजारी तीही उभी होती, अंगातल्या याच स्वेटरमध्ये, हात दाराकडे उचललेला.

दार वाजलं.