तोवेराचं बोट

"बोट दाखव."

"काही नाही झालं, अमामा. जरा मुरगळलंय."

"मुरगळलंय की मोडलंय, ते मी ठरवीन."

तोवेराने डावा हात पाठीमागे नेला. अनामिकेवर पांढऱ्या टेपचे वेढे होते, कडा मळलेल्या. एनेलेसी गोंद्वे तिच्याकडे बघतच राहिली. मझुझू गावच्या या नेटबॉल संघातला प्रत्येक घोटा, प्रत्येक गुडघा तिच्या हाताखालून जात असे. ती कोच होती आणि डॉक्टर परवडत नाही म्हणून टेप लावणारीही तीच. अख्खा संघ तिला अमामा, म्हणजे आई, म्हणे. आईपासून पोर दुखणं लपवते हे तिला काही पटेना.

"पुढची ये," ती म्हणाली.

पुढची आली ती पाय चकाकवत.

"व्हॅसलीन चोपडून आलीस? टेप काय घसरगुंडी खेळायला लावतात?"

मुली हसल्या. एनेलेसीने स्पिरिटने पाय पुसून काढला आणि घोट्याला पांढरी, कडक टेप लावली. ही ताणली जात नाही, म्हणून घोटा वळत नाही. मांडीला ती ताणली जाणारी तपकिरी लावी. रंगीत टेप मुलींना फार आवडे, फोटोत छान दिसते म्हणून. ती एनेलेसीने डब्याच्या तळाशी दडवून ठेवली होती.

पण तिचं अर्धं लक्ष त्या बोटाकडे होतं. तोवेराने टेप चुकीच्या जागी लावली होती. बोटाचा सांधा दुखत असेल तर टेप सांध्याच्या वर आणि खाली येते, शिवाय ते बोट शेजारच्या बोटाला बांधतात. हिची टेप पार बुडाशी, आणि सांधा तर मोकळा वाकत होता. पाण्याची बादली पोरीने त्याच हाताने उचलली. लांबून आलेला चेंडूही झेलला, चेहऱ्यावर आठी नाही. मग कुणी बोटाला हात लावू म्हटलं की दचकायचं कशाला?

शनिवारी सामना होता, मोसमातला पहिला, आणि राष्ट्रीय शिबिरासाठी मुली निवडणाऱ्या बाई तो बघायला येणार होत्या. तोवेरासारखी सेंटर, मधल्या जागेवरून सगळा खेळ फिरवणारी, एनेलेसीला आजवर मिळाली नव्हती. बोट खरंच मोडलं असेल तर हिला बसवायला हवं. बसवलं तर शिबिर गेलं. खेळवलं आणि हात कायमचा गेला तर? एनेलेसीला अन्न गोड लागेना.

घरी तिने स्वतःच्या बोटावर बुडाशी टेप गुंडाळून पाहिली. सांधा पूर्वीसारखाच वाकला. म्हणजे आधार शून्य. बोट मात्र अवघडल्यासारखं वाटलं. तिथली सवयच मोडली होती. तिची लग्नातली अंगठी, खेळताना चेंडू लागून एका बाजूने चेपलेली, ईस्टरपासून लिलाँग्वेच्या सोनाराकडे पडून होती, सैल करायला.

"त्या सोनाराला विचारलंस का रे?" तिने मुलाला हाक मारली. लुसुंगू त्या मार्गावर मिनीबस चालवायचा.

"पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला." लुसुंगू नसिमाचा, मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा मोडत होता. "आणि ते बोटाचं काय घेऊन बसलीस, अमामा? पोर म्हणते ना बरं आहे."

"तुला काय कळतं सांध्यातलं? निवडीसाठी दुखणं लपवते आहे ती."

"मग लपवू दे. निवड झाली की सांगेल."

"आणि मग लग्न करून जाईल. सगळ्या तशाच." एनेलेसीने टेप ओरबाडून काढली. "किती पोरी तयार केल्या मी. लग्न झालं की सासू म्हणते, पाणी कोण भरणार, आखूड घागरा घालून कुठे उड्या मारतेस. म्हणून माझा नियम आहे, लग्न केलं की संघाचा शर्ट परत. सासवांशी भांडायची ताकद नाही माझ्यात."

लुसुंगूने मान खाली घालून जेवण संपवलं.

शनिवारी मैदानाच्या कडेला मंदासीचे गोड वडे तळणाऱ्या बायांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळं गाव जमलं. निवड करणाऱ्या बाई छत्री उघडून बसल्या. लुसुंगू पाण्याचा कॅन घेऊन कुंपणाशी उभा राहिला. मुलींनी रांगेत हात पुढे केले आणि अंपायरबाई नखं तपासत निघाल्या.

तोवेरापाशी त्या थांबल्या. "टेपखाली काय?"

"मुरगळलंय," एनेलेसीच मधे बोलली. "मीच नीट बांधून देते. मला पण बघायचंच आहे."

"आधी मी बघते."

तोवेराने एनेलेसीकडे एकदा पाहिलं आणि टेप उलगडली. बोट धडधाकट होतं. बुडाशी अंगठी होती.

"काढ ती."

"निघत नाही, मॅडम. सांध्यावर अडकते. साबण लावून पाहिला."

"लग्नाची असेल तर वर टेप लावून चालते. नुसती हौसेची असेल तर खेळता येणार नाही."

तोवेराचे डोळे भरून आले.

"लग्नाची आहे," ती म्हणाली.

मुलींनी आ वासला. अंपायरबाईंना हसू आलं. एनेलेसीचा नियम साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होता.

"काय गोंद्वेबाई, तुमच्या संघात लग्न झालेली? हिची सासू खेळू देते का हिला?"

एनेलेसी अंगठीकडे बघत होती. ती एका बाजूने चेपलेली होती. कुंपणाशी लुसुंगू पाण्याच्या कॅनमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होता.

"अहो, विचारते आहे मी. सासू खेळू देते का?"

एनेलेसीने पांढरी टेप दातांनी तोडली आणि तोवेराचा हात आपल्या हातात घेतला.

"देते," ती म्हणाली.