जामीनदार

दिवाळखोरीचा अर्ज मंजूर झाला आणि दत्तारामचे कृत्रिम डोळे भरदुपारी परत सुरू झाले. हप्ते थकले म्हणून कोर्टाच्या हुकूमनाम्याने ते वर्षभर बंद होते. समोर कुमुदताई तांदूळ निवडत होती. तिचेही डोळे तसलेच, पण रोखीने घेतलेले.

“ताई, सुटलो. हुकूमनामा आता मला लागू नाही.”

“पावला बाई देव,” बहीण म्हणाली. त्याच्या कर्जाला तीच जामीन राहिली होती.

तेवढ्यात कंपनीचा फोन आला. आवाज गोड होता. “अभिनंदन. तुमची बाकी आम्ही जामीनदाराकडे वळवली आहे.”

“अहो, थांबा जरा,” दत्ताराम म्हणाला, पण फोन बंद झाला होता.

ताटातला ताईचा हात थांबला. तांदळावर लख्ख ऊन पडलं होतं.

“दत्ता, अंधारून आलं का रे?”

“हो ताई,” तो म्हणाला. “आभाळ आलंय. जाईल एवढ्यात.”