शेवटची काहील

“अजून थेंबच पडताहेत,” ऑरिन म्हणाला आणि त्याने चपटी पळी पुन्हा काहिलीत बुडवली.

लोर्नाला तर स्पष्ट दिसत होतं. थेंब कुठले, पळीच्या कडेवरून पाकाचा चांगला रुंद पदर सुटत होता. मेपलच्या रसाला असा पदर सुटला की पाक झाला, लगेच तोटी उघडायची. जरा उशीर झाला तरी पाणी जास्त उडतं, पाक जड होतो आणि डब्याच्या तळाशी साखरेचे खडे धरतात. मागच्या खेपेला तेच झालं. गिऱ्हाइकांनी डबे परत आणून दिले, आणि बापाने खापर फोडलं झाडांवर. आता व्हरमाँटभर झाडांना कळ्या फुगल्या होत्या. यापुढचा रस वास मारणार. वर्षाची ही शेवटची काहील.

“बाबा, पदर पडलाय! तोटी सोडा!”

“जन्म गेला माझा या चुलाणापुढे. कालची पोर तू, मला पाक शिकवतेस?”

लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दुसरी पळी घेतली, कच्च्या रसाच्या बादलीत बुचकळली आणि खिडकीच्या उजेडात त्याच्यासमोर धरली.

“मग हे बघा. आता काय पडतंय?”

ऑरिन डोळे बारीक करून बघत राहिला. पळीतला रस त्याच्या मनगटावर टपटपत होता.

“पदर,” तो म्हणाला. “काढ आता.”

“अहो, बादलीतला कच्चा रस आहे हा! नुसतं पाणी!” ती ओरडली, आणि ओरडल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं.

“कळलं मला. हाताला गार लागला.”

“मग पदर का म्हणालात?”

ऑरिन तोटीपासून बाजूला झाला. “तू मघापासून तेच म्हणतेयस. असेल पडला.”

तोवर काहिलीतला पाक जड होऊन गेला होता. लोर्नाने बादलीतला रस थोडा थोडा ओतून तो सैल केला, ढवळला, उकळी येऊ दिली आणि पळी उचलली. ऑरिन भिंतीला टेकून उभा होता.

“कसा पडतोय?” त्याने विचारलं. “मला सांगत जा.”