जावयाची परीक्षा

"जावई उठला का गं?" मामांनी दारातूनच विचारलं.

"उठला, मामा. अंघोळ चाललीय त्याची," यंत्रवाली म्हणाली. ती खरोखरच पिवळ्या यंत्रावर गोड्या पाण्याचा पाइप धरून उभी होती.

जहाज पाणसुरुंग शोधणारं होतं. मामा त्यावरचे शेवटचे पाणबुडे, आणि जावई म्हणजे माणसाशिवाय पाण्याखाली जाणारं ते यंत्र. नाव मामांनीच ठेवलेलं. त्याला थंडगार खोली, दिवसातून दोनदा विचारपूस, आणि मामांच्या केबिनमधला पंखा मात्र महिनाभर बंद. "जावईच तो, त्याचे लाड व्हायचेच," म्हणून ते हसायचे. पण ते यंत्र चालवणाऱ्या या मुलीवर त्यांनी पहिल्या आठवड्यापासून जीव लावला होता. तिला बोट लागली तेव्हा बादली धरून शेजारी बसले होते ते मामाच.

आज परीक्षा होती. मुख्यालयातून परीक्षक आले होते. माणूस कमी बोलणारा. चहात बिस्किट बुडवून ते अख्खं तोंडापर्यंत नेण्याकडेच त्याचं सगळं लक्ष.

"बंदराच्या तोंडाशी नवा जलमार्ग आहे," ते म्हणाले. "सकाळी यंत्र जाईल, दुपारी पाणबुडे जातील. खाली काय आहे ते मला सांगायचं. जो कमी पडेल, त्याला किनाऱ्यावर पाठवणार."

तिथे जुन्या लढाईत सुरुंग पेरले होते, पण तो पट्टा गेल्या वर्षीच साफ झाल्याचं जाहीर झालं होतं. परीक्षा आटोपली की पहिली प्रवासी बोट त्याच मार्गाने जाणार होती. धक्क्यावर ती पताका लावून उभीही होती. आणि अशा परीक्षेसाठी खाली एक खोटा सुरुंग ठेवून देतात, हे जहाजावरच्या आचाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं.

मामा हरले तर निवृत्तीपर्यंत गोदामात दोर मोजत बसणार. यंत्र हरलं तर ते कारखान्यात परत, आणि त्याच्यामागोमाग तीही. एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

जावई डुबकन खाली गेला. यंत्रवाली आपल्या खोलीत पडद्यासमोर एकटी बसली. वाळू, दगड, पुन्हा वाळू. मग पडद्यावर एक गोल आकार आला. तिने कॅमेरा जवळ नेला. काळा, गोलमटोल, वर शिंगं, अंगभर शिंपले. काय हुबेहूब केलाय, तिच्या मनात आलं. माणसांनी जीव ओतलाय नुसता!

यंत्राने त्याभोवती लाल चौकट काढली. यंत्र फक्त दाखवतं. सुरुंग की दगड, हे माणसाने ठरवायचं असतं.

तिला मामांचं ताट आठवलं. काल ते भरलेलंच परत गेलं होतं. मामांचं ताट परत जाणं म्हणजे प्रकरण गंभीर, हे सगळं जहाज जाणून होतं. समुद्राबाहेर काढलं तर हा माणूस झुरून मरेल. तिला अजून दुसरी नोकरी मिळेल, दुसरा समुद्र मिळेल.

तिने "दगड" असं नोंदवलं.

"काही नाही, साहेब," बाहेर येऊन तिने सांगितलं. परीक्षकांनी मान डोलावली.

दुपारी मामा उतरले. खूप वेळ वर आले नाहीत. ती कठड्याला धरून बुडबुड्यांकडे बघत राहिली. शेवटी ते आले, मुखवटा काढला आणि म्हणाले, "वाळू आणि दगडधोंडे. बाकी काही नाही."

एवढं करून मामांना दिसलाच नाही? टॉवेल आणि चहा घेऊन ती त्यांच्यामागे धावली.

"मामा, खरंच नाही दिसला?"

मामांनी इकडेतिकडे बघून घेतलं. "न दिसायला माझे डोळे फुटलेत का? असला हुबेहूब केलाय की क्षणभर मीसुद्धा चरकलो. टपली मारून आलो त्याला."

"मग सांगितलं का नाही?"

"आणि तुझ्या जावयाचं काय झालं असतं? त्याला दिसला नाही आणि मला दिसला म्हटलं की तुझी रवानगी कारखान्यात. माझं काय, मी पिकलं पान. तुझी तर आत्ता कुठे सुरुवात आहे."

तिला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदमच आलं. "मामा, मला तो सकाळीच दिसला होता. मी मुद्दाम दगड लिहिलं."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग चहा सांडेपर्यंत हसले. "शहाणी आहेस! आपण दोघं एकाच माळेचे मणी," म्हणत त्यांनी ओल्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी समुद्राचं नव्हतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

तेवढ्यात परीक्षक कप्तानाबरोबर तिकडे आले. दोघंही शाळेतल्या मुलांसारखी ताठ उभी राहिली.

"बोट सोडायला सांगा," परीक्षक कप्तानाला म्हणाले. कप्तानाने निरोप दिला. धक्क्यावरून भोंगा ऐकू आला, आणि माणसांनी गच्च भरलेली ती बोट हळूहळू बंदराच्या तोंडाकडे निघाली.

परीक्षक दोघांकडे वळले. दिवसभरात पहिल्यांदाच ते मोकळेपणाने हसले.

"तुम्ही दोघंही इथेच राहताय. अहो, शाबासकीसाठी लोक मला नसलेले सुरुंग काढून दाखवतात. खरं बोलणारी तुम्ही दोघंच भेटलात. आज खाली आम्ही काही ठेवलंच नव्हतं."