पूकाचा वाटा

कापणीत शेवटची ओळ खोडकर पूकासाठी उभी ठेवायची, नाहीतर तो भुतोबा काळा घोडा होऊन दगडी कुंपणं लाथाडतो, असं कॉरमॅकचे वडील सांगायचे. दरवर्षी ती ओळ रातोरात नाहीशी व्हायची. यंदा वडील नव्हते. भुताखेतांवर विश्वास नसलेल्या कॉरमॅकने ओट्सचं सगळं शेत कापलं. संध्याकाळी शेजारची म्हातारी नेसाकाकू दारात आली. कधी कुणाकडे चिमूटभर मीठ न मागितलेली बाई. “पूकाचा वाटा विसरलास का रे? हिवाळाभर खाईल काय बिचारा?” शालीखालून विळ्याचं टोक डोकावत होतं. कॉरमॅकला सगळं उमगलं. “विसरेन कसा, काकू? यंदा पूकासाहेबांना आयत्या पेंढ्या हव्यात म्हणे!” त्याने भराभर पेंढ्या उचलून ढकलगाडी भरली. “माझी कंबर धरलीय. जाता जाता कुंपणाशी ठेवाल?” काकू हसली. “ठेवते की. तुझ्या बापाचीही शेवटच्या ओळीपाशी अशीच कंबर धरायची!”