घोडीखालचं कार्ड

मिरजेच्या आपल्या दुकानात निजामचाचांनी साक्षीने दुरुस्तीला आणलेल्या तानपुऱ्याची पहिली तार ढिली केली. घोडीखाली काय आहे ते तिला आत्ता आठवलं.

मागच्या वर्षी ती घोडी, भोपळ्यावरची तारा टेकायची पट्टी, जरा हलायला लागली होती. कराडला तिच्या घरी मुली गाणं शिकायला येऊन बसलेल्या. हाताशी एक पोस्टकार्ड होतं. तिने ते फाडलं, घडी घातली आणि घोडीखाली सरकवलं. कार्ड चाचांचं होतं.

विकलेल्या प्रत्येक तानपुऱ्याची चाचा दिवाळीला पत्राने खुशाली विचारत, सासरी गेलेल्या लेकीची विचारावी तशी. सूर कसा हाय, पावसाळ्यात भोपळा जपला का, रोज कुणी छेडतं का. पाकिटात सोबत एक कोरं कार्ड असे, उत्तरासाठी. त्यावर मिरजेचा स्वतःचा पत्ता ते आधीच घालून ठेवत. मोबाइलवर दिवसभर कुणाकुणाला उत्तरं देणाऱ्या साक्षीला त्या कार्डावर चार ओळी लिहायला काही मुहूर्त मिळाला नव्हता. पत्र आलं की मात्र ती दोन-दोनदा वाचायची आणि त्या दिवशी गाणं जरा बरं व्हायचं. निदान एवढं तरी कळवायला हवं होतं.

"चाचा, घोडी मी काढते," ती म्हणाली.

"मिरजेच्या दवाखान्यात येऊन पेशंट सोताच टाकं घालतो व्हय?" चाचा हसले. हात थांबला नाही.

त्यांच्या मागे भिंतीवर तानपुऱ्याची एक जुनी तार टांगलेली होती. आलेली उत्तरं तीत ओवलेली. खालची पार पिवळी, वरची जरा कमी पिवळी. पांढरं एकही नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून साक्षीने विचारलं, हल्ली कुणी लिहीत नाही का. चाचा म्हणाले, लोक फोन करतात, बरं वाटतं. पण जेवण झाल्यावर पुन्हा ऐकावासा वाटला, तर तो फोन आणायचा कुठून? पत्र कसं, तारेवरून काढलं की वाचता येतं.

शेवटची तार सुटली. चाचांनी घोडी उचलली, खालची घडी दोन बोटांनी काढली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. उलगडलं तर अर्धंच कार्ड. त्यावर त्यांच्याच अक्षरात त्यांचंच नाव.

साक्षीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे रागावले तर बरं होईल, असं तिला वाटलं.

"चुकलं माझं, चाचा."

चाचा तुकडा उलटसुलट करून बघत राहिले. मागची बाजू कोरीच होती.

"म्हंजे पत्रं पोचत हुती तर," ते म्हणाले. "मला आपलं वाटायचं, माझ्याकडं तुमचा पत्ताच चुकीचा हाय."

मग ते उठले आणि तो तुकडा त्यांनी भिंतीवरच्या तारेत ओवला, सगळ्यांच्या वर.